धुराला वाट करून देताना

गाडी जुनी झाली की आधी तिचा आवाज जुना होतो. रंग उडतो, सीट फाटतं, हौद्याच्या पत्र्याला भोकं पडतात. पण हे सगळं डोळ्यांना दिसतं, आणि रोज दिसणाऱ्या गोष्टीची माणसाला सवय होते. सायलेन्सर फुटला की मात्र ती बातमी मालकाच्या आधी गावाला कळते. वेशीबाहेर गाडी वळली की ओट्यावर बसलेली मंडळी मान न वळवता सांगतात, "आली बॉ त्याची पिकअप." शाळेतले मास्तर वाक्य अर्धवट सोडून थांबतात. पाळण्यातलं मूल दचकतं. आणि गाडीचा मालक मात्र खुशाल सांगत असतो, "काही नाही, जरासा फाटलाय. सोयाबीन निघालं की करून घेतो."

मेहकर तालुक्यातलं जानेफळ हे मेहकरहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. आमच्या बुलडाणा जिल्ह्याचे दोन भाग, घाटावरचा आणि घाटाखालचा, जानेफळ घाटावरचं. घाटाखाली खामगावला रेल्वे पोचली ती १८७० साली. जलंबहून फाटा काढून इंग्रजांनी ती नेली, कारण त्यांना वऱ्हाडचा कापूस हवा होता. घाट चढून ती काही वर आली नाही. खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी करता करता इथल्या कित्येक पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. त्यामुळं घाटावरचं सोयाबीन, तूर, कापूस, भाजीपाला, खताची पोती, लग्नाच्या मांडवाचं सामान, आजारी म्हैस, असं जे काही हलवायचं ते रस्त्यानंच. आधी बैलगाडी होती, मग मॅटाडोर आली, मग जीपच्या जातकुळीतली पिकअप आली. आता मेहकरजवळून समृद्धी महामार्ग जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी उरलेला रस्ताही खुला झाला. तिथं मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. पण शेतातल्या बांधापासून बाजार समितीच्या काट्यापर्यंतचा रस्ता अजून तोच आहे, खड्ड्यांचा आणि वळणांचा. आणि त्या रस्त्यावर पंचवीस-तीस वर्षांची पिकअप अजून घर चालवते आहे.

बँकेतल्या नोकरीत अशा पिकअपच्या कर्जाची प्रकरणं माझ्या टेबलावरून खूप गेली. प्रकरणात सगळं असायचं. कोटेशन, मार्जिन मनी, दोन जामीनदार, नजरगहाणाचा करार, विम्याची प्रत. महिन्याला किती फेऱ्या, फेरीला किती भाडं, डिझेल किती, हप्ता किती, याचा ताळा जमवलेला असायचा. देखभालीसाठी एक गोल आकडा टाकलेला असायचा आणि तो कुणीच गंभीरपणे घ्यायचं नाही. ३१ मार्च २००४ पासून नव्वद दिवसांचा नियम आला. हप्ता नव्वद दिवसांहून जास्त थकला की खातं अनुत्पादक. पिकअपचं उत्पन्न मात्र नव्वद दिवसांच्या हिशेबानं येत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघतं, त्याच्या मागोमाग कापसाची वेचणी सुरू होते, मग तूर. गाडीच्या कमाईचे खरे दिवस तेवढेच. त्या दिवसांत गाडी चार दिवस उभी राहिली तर वर्षाचा हिशेब लंगडा पडतो. म्हणून सायलेन्सरसारखं काम नेहमी पुढे ढकललं जातं. इंजिन बंद पडलं तर गाडी थांबते, टायर फुटलं तर थांबते. सायलेन्सर फुटला तर ती फक्त ओरडते. आणि ओरडणारी गोष्ट चालते आहे तोवर तिच्याकडे कोण बघतो?

पण पासिंगची तारीख जवळ येते. मालवाहू गाडीला आठ वर्षं झाली की दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते नसेल तर रस्त्यावर गाडी काढता येत नाही आणि अपघात झालाच तर विमा कंपनी पहिलं बोट तिथंच ठेवते. मग मालक स्पेअर पार्टच्या दुकानात जातो. खामगाव, अकोला असे दोन-चार फोन होतात आणि उत्तर मिळतं, "या मॉडेलचा आता येत नाही." जुन्या गाडीच्या मालकाला हे वाक्य पाठ असतं. अशा वेळी त्याच्यापुढे एकच मार्ग उरतो. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात जायचं आणि सायलेन्सर बनवून घ्यायचा.

मोठ्या शहरांत हौशी मंडळी गाडीला खास सायलेन्सर बनवून घेतात, त्यांचं निराळं जग आहे. चकाकत्या स्टीलचे पाइप, त्यावर कोरलेलं नाव, आणि गुरगुरणारा आवाज. जानेफळसारख्या गावात गरज निराळी असते. बाजारात मिळत नाही म्हणून बनवायचं, आणि तेही उद्या सकाळच्या फेरीच्या आत.

एक लिटर डिझेल, एक लिटर पाणी

सायलेन्सर एवढ्या लवकर का कुजतो, हे कोडं पुष्कळांना पडतं. खालून चिखल उडतो म्हणून, असं उत्तर मिळतं. ते अर्धंच खरं आहे. तो आतूनही कुजतो. डिझेल जळतं तेव्हा त्यातल्या हायड्रोजनचं हवेतल्या प्राणवायूशी मिळून पाणी होतं, आणि ते थोडंथोडकं नसतं; एक लिटर डिझेलमागं साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपानं पाइपातून बाहेर पडतं. लांबच्या प्रवासात पाइप तापलेला असतो, वाफ निघून जाते. पण गाडी गावातून शेतात, शेतातून गावात अशा लहान लहान फेऱ्या करत असेल तर पाइप पुरता तापतच नाही. वाफेचं पाणी डब्यात साचतं. त्यात डिझेलमधल्या गंधकाची भर पडली की आम्ल तयार होतं आणि पत्रा आतून खाल्ला जातो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या डिझेलमध्ये १ टक्क्यापर्यंत गंधक असे. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये ते दहा लाख भागांत १० भागांपुरतं उरलं. जुन्या गाडीच्या पाइपांवर हा एक उपकारच झाला. तरी पाणी आहेच. म्हणून जाणता मिस्त्री डब्याच्या सगळ्यांत खालच्या जागी एक बारीक भोक ठेवतो. गिऱ्हाईक म्हणतं, "नव्यालेच भोक?" त्यावर मिस्त्री म्हणतो, "हे ठेवलं नाही तर सहा महिन्यांत दुसरं आपोआप पडते."

आता हा डबा करतो तरी काय? चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात. मिनिटाला १५०० फेरे म्हणजे सेकंदाला ५० स्फोट. प्रत्येक स्फोटानंतर झडप उघडते आणि दाबलेला तापला वायू पाइपात धडकतो. त्या धडकांची जी माळ लागते तिलाच आपण इंजिनाचा आवाज म्हणतो. सायलेन्सरच्या डब्यात भोकांच्या नळ्या असतात, आडवे पडदे असतात, लहानमोठे कप्पे असतात. अरुंद नळीतून आलेला वायू मोकळ्या कप्प्यात पसरतो, त्याचा जोर मोडतो. एका पडद्यावर आपटून परतलेली आवाजाची लाट मागून येणाऱ्या लाटेला भिडते आणि दोघी एकमेकींना बऱ्याच अंशी मारतात. दुसरी एक जात आहे. तिच्यात नळी सरळ जाते आणि तिच्याभोवती काचेची लोकर ठासलेली असते. ही लोकर बारीक, तीव्र आवाज गिळते; पण डिझेलच्या जड घुमण्याला ती एकटी पुरत नाही आणि काजळीनं लवकर भरते. म्हणून जुन्या डिझेल पिकअपला कप्प्यांचा डबाच बरा.

या डब्याची कल्पना मोटारीइतकीच जुनी आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रीव्हज बंधूंनी इंजिनाचा आवाज दाबण्याच्या साधनाचं पेटंट १८९७ साली घेतलं. पुढं १९०९ साली हायरम पर्सी मॅक्सिम यांनी बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं आणि त्यांची कंपनी नंतर इंजिनांचे सायलेन्सरही करू लागली. गंमत अशी की ज्यांनी १८८४च्या सुमारास मशीनगन बनवली ते हायरम मॅक्सिम या गृहस्थांचे वडील. बापानं जगाला ठणठणाट दिला आणि लेकानं त्यावर झाकण शोधलं.

वाळू, तार आणि गोणपाट

गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात हे काम बघत बसावं असं असतं. दुकान म्हणजे टिनाची शेड. बाहेर नांगराचे फाळ, ट्रॉलीचे कडे, कुणाच्या तरी घराची अर्धी खिडकी. पिकअप खड्ड्यावर किंवा दोन मजबूत ठोकळ्यांवर चढवली जाते. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जो शिरतो तो मिस्त्री नव्हे. पहिलं काम जुन्या नट-बोल्टांचं. इंजिनाच्या बाजूनं जिथं पाइप जोडलेला असतो तिथले बोल्ट तापून, गंजून बिडाशी एकजीव झालेले असतात. घाई केली तर बोल्ट आतच तुटतो आणि दोन तासांचं काम दोन दिवसांचं होतं. म्हणून आदल्या रात्री त्यांवर डिझेल किंवा रॉकेल सोडून ठेवायचं. मधलं जुनं गॅस्केट खरवडताना ते ओलं करून खरवडायचं, कारण जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली की परत निघत नाही.

मग माप. कागदावर नकाशा कुणी काढत नाही. एक जाड तार घ्यायची, ती इंजिनाच्या तोंडापासून गाडीच्या शेपटापर्यंत, ॲक्सलच्या वरून, डिझेलच्या टाकीला बगल देत, ब्रेकच्या नळ्यांपासून लांब, अशी वाकवत न्यायची. ही तार म्हणजेच साचा. तिच्या वळणांप्रमाणं पाइप वाकवायचा. आता पाइप वाकवण्याची यंत्रं मोठ्या गावांत आहेत; पण यंत्र नसलं तर जुनी लोहारी युक्ती अजून चालते. पाइपात कोरडी वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडं बंद करायची, जागा लालबुंद करायची आणि सावकाश वाकवायची. वाळूमुळं पाइप चपटत नाही. वाळू मात्र अगदी कोरडी, भाजून घेतलेली हवी. ओल राहिली तर तिची वाफ होऊन बूच गोळीसारखं सुटतं. ज्याला हे जमत नाही तो पाइपाच्या तिरप्या फाका कापून त्या एकाला एक जोडत वळण तयार करतो. तेही चालतं, पण जितके जोड तितक्या गळतीच्या जागा.

पाइप केवढा घ्यायचा यावर दुकानात हमखास वाद होतो. मालकाचा तरुण मुलगा म्हणतो, "मोठा टाका, पिकअप वाढते." पिकअपला पिकअप हवा, हे त्याचं म्हणणं ऐकायला छान आहे. हिशेब करून पाहू. अडीच लिटरचं चार फटक्यांचं इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांवर जास्तीत जास्त अडीच हजार लिटर हवा ओढतं. बाहेर पडताना ती तापलेली असते म्हणून फुगून दुपटीहून जास्त होते. एवढा वायू दोन इंची पाइपातून जायचा तर त्याचा वेग ताशी सव्वाशे ते दीडशे किलोमीटर होतो. पाइप अडीच इंची केला तर आतली जागा निम्म्याहून थोडी जास्तच वाढते आणि वेग ताशी शंभराच्या आत येतो. म्हणजे थोडा फायदा आहे. 'इंजिनाला मागचा दाब लागतोच' हा दुकानातला सिद्धान्तही खरा नाही; डिझेल इंजिनाला धूर जितका सुटसुटीत जाईल तितकं बरंच. पण जुन्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद मुख्यतः त्याला किती हवा ओढता येते आणि पंप किती डिझेल देतो यावर ठरते. कारखान्यानं दिलेल्या मापाचा पाइप मोकळा असेल तर तो मोठा करून घाट चढताना फारसा फरक कळत नाही. कळतो तो आवाजात. आवाज मोठा झाला की गाडी जोरात पळते आहे असं चालवणाऱ्याला वाटतं, एवढंच.

आणि गाडी काळा धूर ओकत असेल तर त्याचं औषध सायलेन्सरच्या दुकानात नसतं. काळा धूर म्हणजे न जळलेलं इंधन. नोझल, पंप, हवेची जाळी यांच्याकडं बघावं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, इंजिन उघडायची वेळ आली. गाडी तापल्यावरही पांढरा धूर राहत असेल तर पाणी आत शिरतंय किंवा डिझेल वेळेवर पेटत नाही. धूर हा गाडीचा ताळेबंद आहे. तो वाचल्याशिवाय खर्च मंजूर करू नये.

पुढचं काम जोडणीचं. इंजिन रबरी पायांवर डोलतं आणि चॅसी डोलत नाही. दोघांच्या मध्ये पाइप ताठ बांधला तर पहिल्याच महिन्यात बिडाच्या मॅनिफोल्डला तडा जातो. म्हणून मध्ये लवचिक जाळीचा तुकडा टाकायचा आणि पाइप चॅसीला लोखंडी पट्टीनं न आवळता रबरावर टांगायचा. गावात जुन्या टायरची पट्टी कापून हे रबर केलं जातं आणि ते कंपनीच्या रबरापेक्षा कमी टिकत नाही. वेल्डिंग सुरू करण्याआधी बॅटरीची वायर सोडायची, अर्थची कड जोडाच्या जवळ लावायची आणि डिझेलच्या टाकीवर ओलं गोणपाट टाकायचं.

इथंच एक गोष्ट सांगायला हवी. पुष्कळदा स्वस्त पडतो म्हणून पाण्याचा जी.आय. पाइप वापरला जातो. त्यावर जस्ताचा मुलामा असतो. वेल्डिंगच्या उष्णतेनं जस्ताची वाफ होते, पांढरा धूर निघतो, आणि संध्याकाळी मिस्त्रीला हुडहुडी भरते, अंग मोडून येतं. आमच्याकडं त्यावर दूध नाहीतर गूळ खायला देतात. गूळ गोड लागतो, पण तो काही फुप्फुसातलं जस्त धुऊन काढत नाही. साधा लोखंडी पाइप घ्यावा, नाहीतर जोडाच्या जागचा मुलामा आधी घासून काढावा आणि शेडीबाहेर वाऱ्याला बसून काम करावं. आपल्या गाडीचे चार पैसे वाचावेत म्हणून दुसऱ्याच्या पोरानं रात्री कुडकुडत पडावं, हा हिशेब कुठल्याच वहीत बसत नाही.

धूर कुणाच्या तोंडावर?

पाइपाचं तोंड कुठं काढायचं हा दिसायला किरकोळ प्रश्न आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी त्याचा विचार केलेला आहे. धूर खाली जमिनीकडं सोडू नये, डाव्या बाजूलाही सोडू नये. मागं किंवा उजवीकडं सोडावा. कारण उघड आहे. आपल्याकडं रस्त्याच्या डाव्या कडेला माणसं उभी असतात, एस.टी.ची वाट पाहणारी, शाळेला चाललेली. इंधनाच्या नळीपासून पाइप किमान ३५ मिलिमीटर लांब असावा, असाही नियम आहे. मालवाहू गाडीतल्या कुठल्याही पेटणाऱ्या वस्तूजवळ तो येऊ नये, असाही आहे. घाटावरच्या माणसाला या शेवटच्या नियमाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. हौद्यात कापूस आहे, खाली खळ्यात सोयाबीनचं वाळलेलं कुटार पसरलंय, आणि मधे लाल व्हायच्या बेतात आलेला पाइप. पाइपाला खालून-वरून पत्र्याचं आवरण आणि कुटारात गाडी उभी न करण्याची सवय, या दोन गोष्टींना मिळून वर्षाच्या पिकाइतकी किंमत आहे.

धूर केबिनमध्ये शिरतो तेव्हा धोका आणखी जवळचा होतो. जोड गळत असेल आणि खालचा पत्रा कुजलेला असेल तर चालवणाऱ्याचं डोकं दुखतं, डोळे जळजळतात, झापड येते. त्याला वाटतं, जागरण झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. म्हणजे हा संशय राहिलेला नाही, निर्णय झालेला आहे. दवाखान्यात जायला निघालेली बाळंतीण, शेजारी तिची सासू, आणि फुटक्या पाइपाची केबिन, हे दृश्य ज्यानं खेड्यात पाहिलंय त्याला सायलेन्सर ही शोभेची वस्तू वाटणार नाही.

आता आवाजाविषयी. काम होत आलं की मालकाचा मुलगा मिस्त्रीला बाजूला घेतो. "काका, आतले पडदे काढून टाका नं. जरा आवाज येऊ द्या." शहरात बुलेटच्या फटाका सायलेन्सरची जी हौस, तीच इथं पिकअपपर्यंत आलेली. मुलाला दोष देऊन भागत नाही. पंचवीस वर्षांची गाडी, तिच्यावर बापाचं नाव, तिच्यावर बापाचं कर्ज फिटलेलं. त्यात त्याचं स्वतःचं काय? निदान आवाज तरी. वयात आलेल्या पोराला आपण आलो हे गावाला कळावंसं वाटतं, हे काही आजचं नाही. बैलांच्या गळ्यात घुंगरांच्या माळा घालून शंकरपटाला निघणाऱ्या आजोबालाही तेच वाटत होतं.

फरक एवढाच की घुंगरांनी कुणाची झोप मोडली नाही. आवाजाचं माप डेसिबलमध्ये करतात आणि ते व्याजासारखं वाढतं. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दसपट होते. कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. कामगारांच्या आरोग्याचं शास्त्र सांगतं की ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तासांहून जास्त राहू नये, आणि पुढं दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी करावी. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन. निवासी भागात ध्वनिप्रदूषण नियम, २००० यांनी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली आहे. सर्वोच्च न्यायालयानं १८ जुलै २००५ च्या निकालात शांततेत जगण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. कानाच्या आतल्या सूक्ष्म केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. शेतकऱ्याचं कर्ज कधी माफ होतं, कधी त्याचं पुनर्गठन होतं. बहिरेपणाच्या खात्यात तशी काही सोय नाही. आणि त्याचा पहिला थकबाकीदार तो गाडी चालवणारा पोरगाच असतो.

कायदाही आता पूर्वीसारखा सैल राहिलेला नाही. प्रत्येक मोटारीला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे, हा नियम जुना आहे. सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायद्यात दंड वाढले. आवाज आणि धुराच्या नियमांचा भंग केला तर १० हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि वर तीन महिने लायसन्स बाद. मालकानं गाडीत बेकायदा फेरफार केला तर त्याचा दंड वेगळा, दर फेरफाराला ५ हजार. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की उत्पादकानं ठरवून दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार गाडीत करता येत नाही. पोलिसांनी गोळा केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रं आपण वर्तमानपत्रात पाहतोच. फुटलेल्या जागी त्याच जागेचा, तेच काम करणारा डबा बसवला तर ती दुरुस्ती; पडदे काढून घेतले तर तो फेरफार. मिस्त्रीनं वेल्डिंगचा होल्डर हातात धरला की दोन्ही गोष्टी त्याच एका रॉडनं होतात. म्हणून नाही म्हणणारा मिस्त्री हा गावाचा मोठा आधार असतो. "पडदे काढाचे असन तर दुसऱ्या दुकानात जा. मले माया गावात ऱ्हायाचं हाये." असं म्हणणाऱ्या मिस्त्रीचं गिऱ्हाईक एक दिवस तुटतं. पण पासिंगच्या आदल्या दिवशी तेच गिऱ्हाईक पुन्हा त्याच्याच दारात येतं.

जुनी ठेवावी की मोडीत द्यावी?

शेवटी प्रश्न उरतो की इतकं करून ही जुनी गाडी ठेवायची कशाला? २०२१ साली केंद्रानं जुनी वाहनं मोडीत काढण्याचं धोरण जाहीर केलं. त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. १९९०च्या दशकातली डिझेल गाडी आणि २०२० नंतरची बीएस-६ गाडी यांच्या धुरात जमीन-अस्मानाचा फरक आहे. नव्या गाडीच्या पाइपात काजळी गाळणारी जाळी असते. जुनीला आपण कितीही चांगला डबा बसवला तरी तो आवाज दाबतो, धूर स्वच्छ करत नाही. हे मालकाला स्पष्ट सांगावं. पण नव्या गाडीचा हप्ता दर महिन्याला येतो आणि पाऊस दर वर्षी येतोच असं नाही. बँकेच्या टेबलामागं बसून मी जे शिकलो ते एवढंच की ज्या कुटुंबाला नवं कर्ज पेलत नाही, त्याला नव्या गाडीचा मोह घालणं हे त्याच्यावर उपकार करणं नव्हे. पाच फेऱ्यांच्या भाड्यात जुनी गाडी आणखी दोन वर्षं नीट चालणार असेल तर त्या पाच फेऱ्या सायलेन्सरला, नोझलला आणि ब्रेकला द्याव्यात. आणि त्या दोन वर्षांत नव्या गाडीचं मार्जिन बाजूला टाकावं. ज्या वर्षी दुरुस्तीचा खर्च हप्त्याच्या जवळ येईल त्या वर्षी मात्र तिला निरोप द्यावा, बापाची आठवण म्हणून ठेवू नये. आठवण नंबरप्लेटमध्येही राहते. एमएच-२८ ची ती पाटी भिंतीला टांगून ठेवणारी घरं आमच्या जिल्ह्यात आहेत.

काम पुरं झालं की मिस्त्री गाडी चालू करायला सांगतो. कपड्याचा जाड बोळा हातात घेऊन तो पाइपाच्या तोंडावर क्षणभर दाबून धरतो. कुठं जोड सुटा असेल तर तिथून फुसफुस ऐकू येते. मग तो खाली वाकून एकेका जोडावर कान नेतो. फुसफुस आली तिथं खडूची खूण, पुन्हा रॉड, पुन्हा बोळा. तिसऱ्या खेपेला इंजिन गुदमरून थांबायला लागतं, म्हणजे वाट एकच उरली, तोंडाची. तेव्हा तो हात पुसतो.

गाडी दुकानातून निघते आणि आता तिचा आवाज दोन घरांपलीकडं जात नाही. शाळेत मास्तर वाक्य पुरं करतात. ओट्यावरच्या मंडळींना बातमी मिळत नाही, त्यामुळं ती जराशी नाराज असतात. घरी मात्र फरक पडत नाही. रात्री खामगावहून भाडं मारून गाडी वेशीत शिरली की चुलीजवळ बसलेल्या बाईला तो कमी झालेला आवाजही बरोबर ओळखू येतो. ती तवा पुन्हा चढवते.